शिकागोच्या जुन्या पेपरातलं रेडिओचं पान (१९३० चं दशक): काय छापायचे आणि काय गाळायचे

जुनं_पान

इथल्या पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर शिकागो ट्रिब्यूनचे जुने अंक घरबसल्या उघडतात. हिवाळ्यात बाहेर पडायची सोय नसते म्हणून चाळायला घेतले आणि १९३० ते १९३९ च्या रेडिओ-करमणुकीच्या पानावरच अडकलो. पहिल्या पानावर काय असणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, बँका बुडाल्या, अमक्याला गोळ्या घातल्या, रूझवेल्ट काय म्हणाले. पण त्याच दिवशी नोकरी गेलेला माणूस रात्री आठला काय ऐकत बसला होता ते आतल्या पानावर कळतं, आणि मला तरी तेच वाचावंसं वाटतं.

आधी थोडे आकडे. १९३० च्या जनगणनेत अमेरिकन सरकारने घरोघरी विचारलं होतं की तुमच्याकडे रेडिओ आहे का, तेव्हा साधारण ४० टक्के घरांत होता. १९४० ला तोच आकडा ८३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मधल्या दहा वर्षांत लोकांच्या हातात पैसा नाही, १९३३ ला तर चारातला एक कामकरी बेकार, आणि तरी रेडिओ दुप्पट झाले! एकदा हप्त्यावर का होईना डबा घरात आणला की पुढे तिकीट नाही ना.

शिकागोत तर स्टेशनं कोणी काढली होती ते बघा. डब्ल्यूजीएन ट्रिब्यूनचंच, म्हणजे 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर' ची आद्याक्षरं, विनय वगैरे भानगड नाही. डब्ल्यूएमएक्यू डेली न्यूज या दुसऱ्या पेपरचं, ते १९३१ ला एनबीसी या नेटवर्कने (एकच कार्यक्रम देशभरच्या स्टेशनांवर पोचवणारी कंपनी) घेतलं. डब्ल्यूएलएस सिअर्स दुकानाने काढलं म्हणून 'वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर', पुढे ते प्रेअरी फार्मर या शेतकी पेपरकडे गेलं. डब्ल्यूसीएफएल चक्क कामगार संघटनांचं. डब्ल्यूएसबीसी एका बॅटरी कंपनीचं, डब्ल्यूईडीसी एका कॅडिलॅक विकणाऱ्या डीलरचं. ज्याला चार लोकांपर्यंत पोचायचं होतं त्याने आपापला खांब उभा केला होता.

आता मुख्य मुद्दा ज्याच्यासाठी धागा काढला. पेपरवाल्यांना रेडिओ डोळ्यात खुपायला लागला होता, कारण मंदीत पेपरच्या जाहिराती आटल्या आणि रेडिओच्या वाढत होत्या. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पेपरमालकांच्या संघटनेने ठराव केला की रेडिओचे कार्यक्रम छापायचे तर जाहिरात म्हणून पैसे घेऊन छापा, फुकट नको. काही पेपरांनी खरंच यादी बंद केली आणि वाचकांनी असा काही दंगा केला की गपचूप परत छापायला लागले. मग शहाण्यांनी मधला मार्ग काढला, यादी छापायची पण कंपनीचं नाव गाळायचं. त्या वेळी कार्यक्रमाचं नावच कंपनीवरून असे, म्हणजे ए अँड पी नावाची किराणा दुकानांची साखळी होती तिचा वाद्यवृंद 'ए अँड पी जिप्सीज', क्लिको क्लब नावाच्या जिंजर एलचे (आल्याचं सोडायुक्त पेय) 'क्लिको क्लब एस्किमोज'. पेपरात उरले नुसते 'जिप्सीज' आणि 'एस्किमोज'. नवखा माणूस वाचेल तर त्याला वाटेल शिकागोत रोज रात्री एस्किमो येऊन बँजो वाजवतात.

तर हे पान वाचताना मला हा नाद लागलाय, छापलेलं वाचायचं आणि गाळलेलं शोधायचं. कोणाला रस असेल तर बोलू.

बंड्या_दादरकर

एस्किमो आणि बँजो, मेलो 😂

म्हणजे आपल्या बिनाका गीतमालेला पेपरात नुसतं 'गीतमाला' छापल्यासारखं झालं की. लोकांना टूथपेस्टसकटच पाठ होतं सगळं, छापलं काय न छापलं काय.

जुनं_पान

बंड्या, अगदी तेच झालं. टूथपेस्टचाच विषय काढलास तर त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम पेप्सोडेंटचा होता, एमॉस अँड अँडी. मूळ शिकागोचाच, मार्च १९२८ ला डब्ल्यूएमएक्यूवर सुरू झाला आणि १९२९ ला पेप्सोडेंटने एनबीसीच्या नेटवर्कवर नेला. रोज पंधरा मिनिटं. थिएटरवाल्यांची इतकी पंचाईत झाली की त्या वेळेला ते चालू सिनेमा थांबवून हॉलमध्ये रेडिओ लावायचे, नाहीतर पब्लिक फिरकायचंच नाही. पूर्वेकडे सात वाजता ऐकायचे तेव्हा पश्चिमेकडे लोक कामावर असायचे, म्हणून तीच दोघं तोच भाग रात्री परत एकदा लाइव्ह करायची. रेकॉर्ड करून लावायची पद्धत नेटवर्कवर नव्हती.

अवंती_क

धागा मस्त आहे पण एमॉस अँड अँडीबद्दल लिहिताना अर्धीच गोष्ट सांगितलीत, आणि तुमचा मुद्दाच गाळलेलं शोधायचा आहे म्हणून लिहिते. ती दोघं पात्रं काळी होती आणि करणारे दोघंही गोरे, फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल. आवाज काढून, बोली वाकडी करून हशा मिळवायचा असा प्रकार. १९३१ ला पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या पेपरने त्याच्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली होती, दहा लाख सह्यांचं टार्गेट ठेवून. रेडिओच्या यादीत यातलं काही दिसणार नाही, तिथे फक्त नाव आणि वेळ.

जुनं_पान

अवंती, बरोबर आहे आणि त्याच्यात आणखी एक पेच आहे. शिकागोतला कृष्णवर्णीयांचा मोठा साप्ताहिक पेपर म्हणजे डिफेंडर. त्याच १९३१ सालात डिफेंडरने मुलांच्या आपल्या बड बिलिकेन पिकनिकला या दोघांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं! म्हणजे एक पेपर सह्या गोळा करतोय आणि दुसरा हार घालतोय. कृष्णवर्णीय वाचकांचं यावर एक मत होतं असं समजून चालत नाही.

अवंती_क

हे माहीत नव्हतं, इंटरेस्टिंग. मग डिफेंडरमधलं करमणुकीचं पान आणि ट्रिब्यूनचं शेजारी शेजारी ठेवून बघितलंत का? एकाच शहराची दोन पानं. मला वाटतं खरी गंमत तिथे असेल.

जुनं_पान

ठेवून बघितली ना, त्याच लायब्ररी कार्डावर डिफेंडरही आहे. लिहितो सविस्तर, जेवण उरकून.

निवृत्त_मास्तर

लेख आवडला. एक विचारायचे होते. शिकागोमध्ये साथीच्या वेळी शाळा रेडिओवर भरवली होती असे कुठेतरी वाचल्याचे स्मरते. त्याबद्दल या वर्तमानपत्रांत काही सापडते का? आमच्या सेवेची शेवटची वर्षे करोनात गेली, त्यामुळे उत्सुकता आहे.

जुनं_पान

मास्तर, नमस्कार. बरोबर आठवतंय तुम्हाला, आणि माझ्या मते या सगळ्या दशकात पेपर आणि रेडिओ एकदाच भांडण विसरून कामाला आले ते तिथे.

सप्टेंबर १९३७. पोलिओची साथ आली म्हणून शिकागोच्या शाळा उघडल्याच नाहीत. शाळाखात्याने तिसरी ते आठवीच्या मुलांना रेडिओवरून शिकवायचं ठरवलं, मुलं किती तर तीन लाखांच्या वर. सहा स्टेशनांनी वेळ फुकट दिला. एकेक धडा पंधरा मिनिटांचा. सोमवार-बुधवार-शुक्रवार समाजशास्त्र आणि विज्ञान, मंगळवार-गुरुवार-शनिवार इंग्रजी आणि गणित. आणि पेपरचं काम काय, तर रोज सकाळी त्या दिवशीचं वेळापत्रक, कुठल्या इयत्तेला कुठलं स्टेशन कधी, धड्याचा गोषवारा, प्रश्न आणि गृहपाठ छापायचा. म्हणजे आई सकाळी पेपर फाडून भिंतीला लावणार आणि पोरगं रेडिओसमोर वही घेऊन बसणार. शाळाखात्याने एक फोन नंबर दिला होता, शिक्षक बसवले होते, पहिल्याच दिवशी हजाराच्या वर पालकांचे फोन. कोणी म्हणे स्टेशन नीट लागत नाही, कोणी म्हणे शिकवणारा फार पळतोय, लिहून घ्यायच्या आत पुढे जातो.

महिनाअखेरीला शाळा उघडल्या. ज्यांच्या घरी रेडिओच नव्हता त्या पोरांचं काय झालं, ते गृहपाठाच्या पानावर अर्थातच नाही.

निवृत्त_मास्तर

धन्यवाद. हुबेहूब आमचाच अनुभव. २०२० साली सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागत असे, आमच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी त्या वेळेला वीज नसे. "शिकवणारा फार पळतो" ही तक्रार तर आम्हीही ऐकली! गृहपाठ वर्तमानपत्रात छापण्याची कल्पना मात्र उत्तम. कागद हातात राहतो.

सुलभाताई_सांगली

मास्तर, +१. आणि जुनं पान भाऊ, तुम्ही सगळं रात्रीचंच लिहिताय, दुपारचं काय? बायका घरी काय ऐकायच्या ते लिहा की. रेडिओच्या दुपारच्या मालिका, ज्यांना साबणवाल्यांवरून 'सोप ऑपेरा' नाव पडलं, त्या पण तिकडचीच देणगी ना?

जुनं_पान

सुलभाताई, तिकडची म्हणजे अगदी शिकागोचीच म्हणा. इर्ना फिलिप्स नावाची बाई, आधी शिक्षिका. तिने ऑक्टोबर १९३० मध्ये डब्ल्यूजीएनसाठी 'पेंटेड ड्रीम्स' लिहायला घेतली, रोज पंधरा मिनिटं, एक आई, तिची मोठी झालेली मुलगी आणि घरात राहणाऱ्या पोरी, बास. स्वतःच लिहायची आणि स्वतःच त्यात बोलायची. पुढे तिला मालिका नेटवर्कवर न्यायची होती तर ट्रिब्यूनचं स्टेशन म्हणालं ही आमची मालमत्ता. ती उठली आणि १९३२ ला समोरच्या डब्ल्यूएमएक्यूवर गेली, साधारण तशाच आईची नवी मालिका सुरू केली. कोर्टकचेरी केली, हरली, पण शहाणी झाली. पुढच्या मालिकांचे हक्क तिने स्वतःकडे ठेवले आणि १९३७ ला जी सुरू केली ती 'गायडिंग लाइट' रेडिओ मग टीव्ही असं करत २००९ पर्यंत चालली.

पण रेडिओच्या पानावर दुपार कशी दिसते? एकाखाली एक पंधरा पंधरा मिनिटांचे नुसते तुकडे, मुंगीच्या पावलाएवढा टाइप, कुठे दोन शब्द तर कुठे एक. लेखिकेचं नाव शोधून सापडणार नाही. रात्रीच्या वाद्यवृंदाच्या पुढाऱ्याचं नाव छापायचे, त्याचा फोटो छापायचे, आणि अख्खी दुपार लिहिणाऱ्या बाईचं नाव यादीत नाही.

सुलभाताई_सांगली

यात नवल काय 🙂 आत्ताच्या मालिका लिहिणाऱ्या बायकांची नावं तरी कोण वाचतंय, टायटल पळतं नुसतं.

बंड्या_दादरकर

सिनेमाच्या जाहिरातींवर या ना राव. मंदीत लोक सिनेमाला जायचे का नाही? का सगळे घरी फुकटचा रेडिओ?

जुनं_पान

जायचे पण थिएटरवाल्यांना नाकी नऊ आले होते. शिकागोत बालाबन अँड कॅट्झ या कंपनीचं राज्य, शिकागो थिएटर, अपटाउन, टिव्होली, ओरिएंटल असले राजवाडे. उन्हाळ्यातल्या त्यांच्या जाहिराती बघण्यासारख्या, अक्षरांवरून बर्फाच्या सुया लोंबतायत असं चित्र, सिनेमाचं नाव राहिलं बाजूला, आत थंड आहे हे मोठ्या अक्षरात. घरोघरी एसी नव्हते तेव्हा, दोन तास गारव्यात बसायला मिळतं एवढ्यावर तिकीट खपायचं. दुपारी लवकर गेलात तर दर कमी.

गल्लीतल्या छोट्या थिएटरांनी वेगळीच शक्कल काढली. एक म्हणजे डिश नाइट. ठरलेल्या वारी येणाऱ्या प्रत्येक बाईला एक बशी किंवा कप फुकट. पुढच्या आठवड्यात त्याच सेटमधली दुसरी वस्तू. सेट पुरा करायचा तर महिनोन्महिने दर आठवड्याला सिनेमा बघणं आलं, सिनेमा कुठला का असेना. आणि अंधारात मांडीवरची बशी पडून फुटली की सगळं थिएटर हसायचं.

दुसरी बँक नाइट. कोलोरॅडोकडच्या एका थिएटरवाल्याच्या डोक्यातली कल्पना, देशभर पसरली. लॉबीतल्या वहीत नाव लिहायचं, ठरलेल्या रात्री चिठ्ठी काढणार, नाव निघालं तर ठरलेल्या काही मिनिटांत स्टेजवर हजर व्हायचं आणि रोख पैसे घ्यायचे. नाही आला कोणी तर रक्कम पुढच्या आठवड्यात वाढणार.

बंड्या_दादरकर

म्हणजे मटकाच ना?

जुनं_पान

तिथेच तर मेख. लॉटरी बेकायदा होती, म्हणून वहीत नाव लिहायला तिकीट लागायचं नाही. बाहेर फुटपाथवर उभं राहिलात आणि नाव पुकारलं तरी बक्षीस तुमचं. पैसे घेतलेच नाहीत तर लॉटरी कशी, असा युक्तिवाद. कोर्टांत यावर वर्षानुवर्षं खटले चालले. प्रत्यक्षात दहा सेंटांसाठी फुटपाथवर थंडीत कोण उभा राहणार, सगळे आतच जायचे.

हॅम_रेडिओवाला

वाचनखूण साठवली आहे. थोडी टेक्निकल भर घालतो, कारण ही पानं वाचताना नवख्याचा गोंधळ होतो.

स्टेशनच्या नावापुढे जो आकडा असतो तो किलोसायकल, म्हणजे आत्ताच्या भाषेत किलोहर्ट्झ. डब्ल्यूएमएक्यू ६७०, डब्ल्यूजीएन ७२०, डब्ल्यूबीबीएम ७७०, डब्ल्यूएलएस ८७०, डब्ल्यूसीएफएल ९७०. यातले पहिले दोन आकडे पुढेही तेच राहिले, बाकीचे मार्च १९४१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या देशांच्या करारानंतर सरकले. डब्ल्यूबीबीएम ७८० वर गेलं, डब्ल्यूएलएस ८९० वर. म्हणून जुन्या पेपरातला आकडा नंतरच्या रेडिओवर लावून बघू नका.

दुसरं, एकच जागा दोघा-तिघांत वाटलेली असायची. ८७० वर दिवसा डब्ल्यूएलएस आणि संध्याकाळी डब्ल्यूईएनआर, दोन वेगळ्या मालकांची स्टेशनं, पण शनिवारी रात्री परत डब्ल्यूएलएस कारण त्यांचा गावाकडच्या गाण्यांचा नॅशनल बार्न डान्स. तो १९३२ पासून एट्थ स्ट्रीट थिएटरात तिकीट लावून करायचे आणि तरी हॉल भरायचा, घरी फुकट ऐकू येत असताना! १२१० वर तर डब्ल्यूएसबीसी, डब्ल्यूईडीसी आणि डब्ल्यूसीआरडब्ल्यू अशी तिघं पाळीपाळीने.

सगळ्यात भारी डब्ल्यूजेजेडी. ते ११३० वर होतं आणि तीच जागा सॉल्ट लेक सिटीच्या केएसएलची. रात्री लहरी लांब जातात म्हणून यांनी बंद करायचं, पण कधी? तर सॉल्ट लेक सिटीत सूर्य मावळला की. शिकागोतलं स्टेशन युटातल्या सूर्यास्ताला बंद. त्यामुळे उन्हाळ्यात कार्यक्रम लांबतात आणि डिसेंबरात आखडतात.

बंड्या_दादरकर

म्हणजे पंचांग बघून रेडिओ 😂😂 दंडवत घ्या.

जुनं_पान

वा, हॅम साहेब! ११३० वरच्या यादीचं असं वाढणं-आखडणं मला कळतच नव्हतं.

आता अवंतीला कबूल केलेलं.

ट्रिब्यूनमध्ये रात्री दहानंतर रेडिओच्या यादीत नाचाच्या वाद्यवृंदांची रांग लागते. हॉटेलांतून, बॉलरूममधून थेट. त्यात मोठी दोन, उत्तरेला ॲरागॉन आणि दक्षिणेला ट्रायनॉन, दोन्ही कार्झास बंधूंची. ॲरागॉन १९२६ चा, आत स्पॅनिश वाड्याचं अंगण, छतावर लुकलुकणारे तारे. वेन किंग या वाद्यवृंदवाल्याचे वॉल्ट्झ (नाचाचं संगीत) डब्ल्यूजीएनवरून तिथूनच देशभर गेले. यादीत लिहिलेलं नाही ते असं की दोन्हीकडे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ट्रायनॉन तर दक्षिण बाजूला, कृष्णवर्णीय वस्तीच्या जवळच होता.

डिफेंडर उघडा, तर शहराचा मध्यच दुसरीकडे आहे, ४७ व्या रस्त्यावर. तिथे रीगल थिएटर, बाजूला सव्हॉय बॉलरूम. त्यांच्या जाहिराती, कोण येतंय, कोण गाजवून गेलं. आणि साउथ पार्कवेवरचा ग्रँड टेरेस हा नाइटक्लब, जिथे डिसेंबर १९२८ पासून अर्ल हाइन्स पियानोवर. त्या क्लबात अल कपोन या गुंडाच्या टोळीचा हात होता हे जगजाहीर. १९३० च्या दशकात तिथून एनबीसीवर थेट प्रक्षेपण व्हायचं आणि कॅन्सस सिटीपासून कुठकुठले पोरगे वाजवणारे रात्री जागून ऐकायचे. पण गोऱ्यांच्या पेपरात त्याला अर्धी ओळ. आवाज सगळीकडे पोचत होता, पानावर जागा नव्हती.

आणि डब्ल्यूएसबीसी, तेच पाळीपाळीचं बॅटरीवाल्यांचं छोटं स्टेशन. ३ नोव्हेंबर १९२९ ला, म्हणजे शेअर बाजार कोसळून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा जॅक एल. कूपर या कृष्णवर्णीय माणसाने तिथे 'ऑल-नीग्रो अवर' सुरू केला (शब्द त्या काळचा). सगळे कलाकार कृष्णवर्णीय. पुढे त्याने हरवलेल्या माणसांचा कार्यक्रमही केला, दक्षिणेतून शिकागोला आलेल्या आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी. मोठी नेटवर्कं तेव्हा गोऱ्यांच्या तोंडी काळी बोली घालून टूथपेस्ट विकत होती आणि हा माणूस चिमूटभर ताकदीच्या स्टेशनवरून माणसं जुळवत होता.

अवंती_क

यासाठी थांबले होते, थँक्स. पोलिश, लिथुआनियन वगैरे लोकांचं पण असंच असणार ना, त्यांचे तास त्या छोट्या स्टेशनांवर?

जुनं_पान

हो, अर्धा-पाऊण तास विकत घ्यायचा, आपल्या भाषेत गाणी, मध्ये आपल्याच वस्तीतल्या खाटकाची आणि फर्निचरवाल्याची जाहिरात. यादीत त्याचं वर्णन म्हणजे 'पोलिश म्युझिक' किंवा 'फॉरेन प्रोग्रॅम', संपलं.

सुलभाताई_सांगली

वाद्यवाल्यांचं काय झालं पण? बोलपट आल्यावर थिएटरातले वादक घरी बसले असतील.

जुनं_पान

हजारोंनी बसले. शिकागोच्या वादकांच्या युनियनचा पुढारी जेम्स पेट्रिलो, एकदम खमक्या माणूस. त्याने १९३५ च्या १ जुलैपासून ग्रँट पार्कमध्ये उघड्यावर मोफत मैफिली सुरू करवल्या, ऐकणाऱ्यांना फुकट आणि वादकांना काम. त्या रेडिओवरही जायच्या. उन्हाळ्यातल्या पानांवर आजच्या मैफिलीचा कार्यक्रम छापलेला असतो, कुठली सिंफनी, कोण चालवणार. आणि याच पेट्रिलोने १९३७ ला शिकागोतल्या युनियनच्या वादकांना रेकॉर्डिंग करायलाच बंदी घातली, रेकॉर्ड वाजली की माणसाचं काम जातं म्हणून. ग्रँट पार्कमध्ये उन्हाळ्यात मोफत मैफिली आजही होतात, आम्ही चटई घेऊन जातो.

बंड्या_दादरकर

बातम्यांचं राहिलं. पेपरवाले रेडिओला बातम्या पण देत नव्हते म्हणे?

जुनं_पान

ते मोठं प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात पेपरवाले, वृत्तसंस्था आणि नेटवर्कं बसली आणि ठरलं की रेडिओने दिवसातून दोनदाच पाच पाच मिनिटं बातम्या द्यायच्या. सकाळची साडेनऊनंतर आणि रात्रीची नऊनंतर, म्हणजे पेपर विकून झाल्यावर. एक बातमी तीस शब्दांच्या आत, जाहिरातदार नको. मार्च १९३४ ला त्यासाठी वेगळं ब्युरो काढलं. पण नेटवर्कबाहेरची स्टेशनं काही ऐकेनात, आणि १९३५ मध्ये युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतःच रेडिओला बातम्या विकायला काढल्या, मग कसला करार आणि कसलं काय.

याच भांडणाच्या काळात रेडिओ गाइड नावाचं साप्ताहिक चालायला लागलं, पाच सेंट, मोझेस ॲनेनबर्गचं, शिकागोतूनच निघायचं. पेपर गाळतात ना, मग हे घ्या सगळं. याच घराण्याने पुढे १९५३ ला टीव्ही गाइड काढलं.

अवंती_क

मंगळावरून आलेल्यांच्या हल्ल्याच्या रेडिओ नाटकाला पण ही यादी कामी आली होती ना? ३० ऑक्टोबर १९३८.

जुनं_पान

हो! ऑर्सन वेल्सचं, बातमीपत्राच्या थाटात केलेलं, सीबीएस नेटवर्कवर, शिकागोत डब्ल्यूबीबीएमवर. नंतर अभ्यासकांनी लोकांना विचारलं तेव्हा काही जणांनी सांगितलं की बातमीपत्र ऐकून धस्स झालं, मग पेपरचं रेडिओ पान उघडलं, त्या वेळेपुढे नाटक असं छापलेलं दिसलं आणि जीव भांड्यात पडला. न्यूयॉर्क टाइम्सने तर दुसऱ्या दिवशी बातमीतच लिहिलं की आमच्या यादीत नाटकाचं नाव स्पष्ट होतं. आता ती घबराट किती खरी आणि पेपरांनी किती फुगवली हा वादाचा विषय, रेडिओला झोडपायची आयती संधी ते सोडतील होय? त्या वेळेला जास्त लोक दुसऱ्या नेटवर्कवर एडगर बर्गनचा शब्दभ्रमाचा कार्यक्रम ऐकत होते.

बंड्या_दादरकर

थांबा थांबा. शब्दभ्रम. रेडिओवर. ओठ हलतायत की नाही ते कोण बघणार?? अर्धवटरावांना रेडिओ स्टेशनवर नेल्यासारखं झालं.

जुनं_पान

आणि देशातल्या सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रमांपैकी एक होता तो बाबा. बर्गनचे ओठ हलायचेही म्हणतात.

निवृत्त_मास्तर

बेसबॉलचे धावते वर्णन असे का? आमच्या पिढीला क्रिकेटचे वर्णन म्हणजे प्राण.

जुनं_पान

असे तर, मास्तर. शिकागोच्या 'कब्ज' (Cubs) या बेसबॉल संघाचे मालक रिग्ली, त्यांनी येईल त्या स्टेशनला परवानगी दिलेली, एकाच सामन्याला शिकागोची चार-पाच स्टेशनं मैदानात. उलट न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ रेडिओच बंद ठेवला, प्रेक्षक घरी बसतील या भीतीने. त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारच्या यादीत शिकागोत जिकडेतिकडे 'बेसबॉल'. आयोवात डे मॉइनच्या स्टेशनवर एक पोरगा कब्जचे सामने न बघताच तारेवर येणाऱ्या दोन शब्दांवरून रंगवून सांगायचा, रोनाल्ड रीगन त्याचं नाव, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. तार बंद पडली तेव्हा म्हणे फलंदाजाला कितीतरी मिनिटं नुसते फाउल (रेषेबाहेरचे फटके) मारायला लावले.

हॅम_रेडिओवाला

ज्यांना स्वतः ही पानं चाळायचीत त्यांच्यासाठी जाता जाता एक सूचना. १९३६ चा अंक उघडलात तर वेळा जपून वाचा. शिकागोने त्या वर्षी १ मार्चला शहराचं घड्याळ सेंट्रल टाइमवरून एक तास पुढच्या ईस्टर्न टाइमवर नेलं, न्यूयॉर्कच्या बरोबरीने, आणि नोव्हेंबरात लोक वैतागल्यावर परत आणलं. त्यात आजूबाजूची गावं जुन्याच वेळेवर. म्हणजे त्या आठ-नऊ महिन्यांत शिकागोच्या पेपरातले आठ म्हणजे इलिनॉयच्या बाकीच्या गावांतले सात, आणि उन्हाळ्यात जिथे घड्याळ पुढे करायचे तिथे परत वेगळं. मी एका कार्यक्रमाची वेळ तीन पेपरांतून जुळवत होतो, तिन्हीकडे वेगळी आणि तिन्ही बरोबर.